हॅमिल्टनचा युक्तिवाद आणि अमेरिकेची संघीय न्यायव्यवस्था : एक चिकित्सा

अमेरिकेच्या राज्यघटनेतील न्यायव्यवस्थेचे समर्थन अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्ये ‘फेडरलिस्ट’च्या ७८ व्या निबंधात केले. न्यायसंस्थेच्या हाती ना खजिना आहे, ना सैन्य. तिच्याजवळ केवळ निर्णयबुद्धी आहे. म्हणून ती सर्वांत दुर्बल शाखा असून तिच्या स्वातंत्र्यासाठी न्यायाधीशांना सद्वर्तन असेपर्यंत पदावर राहू द्यावे, असा या युक्तिवादाचा सारांश आहे. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा केली आहे.

युक्तिवादाचा पहिला भाग इतिहासाने खरा ठरविला आहे. १९५४ च्या ‘ब्राऊन’ निकालाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरले. परंतु १९५७ मध्ये लिटल रॉक येथे त्याची अंमलबजावणी करण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले. निकाल न्यायालयाचा होता, बळ मात्र कार्यकारी सत्तेचे होते.

दुसरा भाग मात्र तितका निर्विवाद नाही. ९४ जिल्हा न्यायालये, १३ अपील न्यायालये आणि सर्वोच्च न्यायालय अशी आजची मुख्य उतरंड आहे. घटक राज्यांची न्यायालये या रचनेपासून स्वतंत्र आहेत. जिल्हा न्यायालयाच्या निर्णयावर अपील करणे हा सामान्यतः पक्षकाराचा हक्क असतो; सर्वोच्च न्यायालयाचे दार मात्र बहुतांशी न्यायालयाच्या इच्छेनेच उघडते. १९२५ च्या कायद्याने खटले निवडण्याचा व्यापक स्वेच्छाधिकार या न्यायालयाला मिळाला. नऊपैकी चार न्यायाधीशांची संमती असल्यास प्रकरण सुनावणीस येते. दरवर्षी येणाऱ्या हजारो अर्जांपैकी शंभराहूनही कमी प्रकरणांत सविस्तर सुनावणी होते. कोणता प्रश्न केव्हा हाती घ्यावा हे जे न्यायालय स्वतः ठरविते, त्याच्याजवळ केवळ निर्णयबुद्धी आहे असे म्हणता येत नाही; तेथे इच्छाशक्तीही आहे.

याच कारणाने नियुक्त्या राजकीय संघर्षाचा विषय बनल्या. २०१६ मध्ये मेरिक गार्लंड यांच्या नामनिर्देशनावर सिनेटने सुनावणीच घेतली नाही. २०२० मध्ये एमी कोनी बॅरेट यांच्या नियुक्तीस मात्र निवडणुकीच्या अवघ्या आठ दिवस आधी संमती दिली. एका जागेचा परिणाम अनेक दशके टिकणार असेल, तर असा संघर्ष अटळ ठरतो.

भारतीय अभ्यासकांच्या दृष्टीने येथे एक भेद महत्त्वाचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अमेरिकेतील दुहेरी न्यायव्यवस्थेऐवजी एकात्म न्यायव्यवस्थेचे समर्थन केले. भारतीय राज्यघटनेने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी ६५ वर्षांची वयोमर्यादाही घातली. न्यायालयीन स्वातंत्र्याला आजीव पद अपरिहार्य नाही, असे यावरून म्हणता येते.

सारांश, हॅमिल्टन यांनी दुर्बलतेच्या आधारे मागितलेले संरक्षण आज एका सबल संस्थेला लाभले आहे. न्यायालयाचे स्वातंत्र्य आजही आवश्यकच आहे. त्याच्या समर्थनासाठी १७८८ चे गृहीतक मात्र पुरेसे राहिलेले नाही.