लाजाळू मीटर

मध्यमवर्गीय घरात एक टेस्टर असतोच. त्याच्या पोटात इवलासा दिवा असतो आणि तो वीज तपासण्यापेक्षा डब्यांची झाकणे उघडण्यासाठीच जास्त वापरला जातो. अशा घरात डिजिटल मल्टिमीटर आला की घरमालकाला क्लार्कचा एकदम ऑफिसर झाल्यासारखे वाटते.

मी बी.कॉम. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण आमचा फ्रिज थंड होईना आणि येणारा प्रत्येक मेकॅनिक ‘साहेब, कॉम्प्रेसर गेला’ हे एकच निदान खिशात घालून येऊ लागला. तेव्हा आपला स्वतःचा एक ऑडिटर असावा, असे मनाने घेतले. दोन हजारांच्या आत मिळणारा, टचस्क्रीनचा, रिचार्जेबल बॅटरीचा मल्टिमीटर घेतला आणि सहा महिने वापरला. आता त्याचा ताळेबंद मांडतो.

आधी घराण्याविषयी. मल्टिमीटरांचा मूळपुरुष ब्रिटनमध्ये 1923 साली बाजारात आला. डोनाल्ड मॅकॅडी हे गृहस्थ तिथल्या पोस्टखात्यात इंजिनीअर होते. टेलिफोनच्या तारा तपासायला तीन निरनिराळी यंत्रे वागवून ते कंटाळले आणि त्यांनी ॲम्पियर, व्होल्ट, ओहम या तिघांचा संसार एका पेटीत थाटला. तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले ‘ॲव्हो’. नोकरीतल्या कंटाळ्यातून असा शोध लागू शकतो, हे वाचून मला हेवा वाटला. आमच्या शाखेत कंटाळा काही कमी नाही. शोध मात्र फक्त हरवलेल्या व्हाउचरचा लागतो.

त्या जुन्या मीटरला काटा होता आणि गोल खटका होता. खटका फिरवला की ‘खट्’ आवाज यायचा आणि तो कुठे आहे हे अंधारातही बोटांना कळायचे. आमचा नवा मीटर लाजाळूच्या झाडासारखा आहे. बोट लागले की मिटतो, उमलतो, रंग बदलतो. पण मोजताना एका हातात लाल लीड आणि दुसऱ्या हातात काळी. मग पडद्याला स्पर्श कोणी करायचा? सौ.ला हाक मारावी, तर ती कणकेच्या हाताने येते आणि ओल्या बोटाला हा मीटर ओळख देत नाही. रबरी हातमोजे घातले तर अजिबातच नाही. म्हणजे सुरक्षितपणे वागणाऱ्याशी तो बोलतच नाही!

बॅटरीचेही तसेच. रिचार्जेबल म्हणजे सेलचा खर्च वाचला, ही जमेची बाजू. पण असला मीटर महिनोन्‌महिने कपाटात पडतो आणि आपल्याला त्याची आठवण होते ती घरातले लाइट गेल्यावर. लाइट का गेले हे बघायला मीटर हवा, मीटर उतरलेला, आणि त्याला चार्ज करायला लाइट हवेत! शेवटी पॉवर बँकेकडून कर्ज काढावे लागते. शिवाय चार्जिंगची वायर लावलेली असताना मोजमाप करायचे नाही. हा नियम पाळायलाच हवा.

आता जमेच्या मोठ्या रकमा. रिमोटचा सेल खरोखर मेला की मुलाने नुसताच तसा आरोप केला, हे एका क्षणात कळते. नवा सेल दीड व्होल्टच्या आसपास दाखवतो. स्कूटरची बॅटरी पुरी भरलेली आणि स्वस्थ असली तर 12.6 च्या आसपास, गाडी चालू असताना 14 च्या आसपास. वायर आतून तुटली आहे का, ते पीं करून सांगतो. या कामांसाठी पैसे वसूल. आणि फ्रिजचे म्हणाल, तर मीटरने पीं केले नाही म्हणून दोष वायरचाच निघाला. कॉम्प्रेसर अजून नोकरीत आहे.

पण त्याच्या अचूकपणावर भाळू नका. प्लगमध्ये तो ‘230.4’ दाखवतो, तेव्हा त्या पॉइंट चारने मन भरून येते. सोबतच्या चिठ्ठीत मात्र बारीक अक्षरात लिहिलेले असते, चूक एक टक्का आणि वर तीन अंक. माझ्या कॉमर्सने हिशेब केला. खरा आकडा 227.8 ते 233 मध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे ते पॉइंट चार हे इलेक्शनच्या जाहीरनाम्यातल्या पैशांसारखे, फक्त दिसायला.

दुसरी गंमत अशी. बटण बंद केलेल्या वायरमध्येही हा कधी कधी पन्नास-साठ व्होल्ट दाखवतो. भुताटकी नव्हे. शेजारून चालू वायर जात असली की तिचा थोडा प्रभाव बंद वायरीवर पडतो आणि डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नसल्याने त्याला तेवढेही दिसते. क्लिअरिंगला गेलेल्या चेकसारखा हा मामला आहे. पासबुकात रक्कम दिसते, काढायला गेले की मिळत नाही. तिथे साधा बल्ब लावा, ते व्होल्ट गायब होतात.

हे चालेल. नसलेली वीज दाखवणाऱ्या मीटरने फार तर फजिती होते. असलेली वीज न दाखवणारा मीटर जीव घेतो. पडद्यावरच्या शून्याचे अर्थ अनेक. वीज नाही, किंवा लीड आतून तुटली आहे, किंवा तळव्याचा धक्का लागून मीटर भलत्याच मापावर गेला आहे, किंवा ‘होल्ड’ला बोट लागून तो मघाचेच शून्य दाखवत बसला आहे. खटक्याच्या मीटरवर निदान माप तरी आपोआप बदलत नाही. म्हणून आमच्या सोसायटीचे वायरमन मामा करतात तसे करावे. आधी चालू असलेल्या प्लगमध्ये मीटर तपासायचा, मग ज्याला हात लावायचा ती वायर, आणि मग पुन्हा तोच चालू प्लग. कॅशियर नोटा दोनदा मोजतो तो संशयाने नव्हे, सवयीने. त्याला कोणी मूर्ख म्हणत नाही.

आणखी एक. मीटरवर ‘कॅट थ्री’ छापलेले असते. परीक्षेत थर्ड क्लास खालचा. इथे मात्र तीन नंबर दोनपेक्षा वरचा. दोन म्हणजे प्लगला जोडलेल्या उपकरणांसाठी, तीन म्हणजे इमारतीच्या वायरिंगसाठी आणि मेन बोर्डासाठी. स्वस्त मीटरवर हा शिक्का मारायला शाईच लागते. आतला फ्यूज इवल्या काचेचा असेल, तर शिक्क्यावर जाऊ नये. कर्जदाराचा सूट बघून कर्ज देत नाहीत, तारण बघतात.

तेव्हा माझा शेरा असा: सेल, बॅटरी, तुटक्या वायरी आणि मेकॅनिकांचे निदान यांच्यासाठी हा मीटर जरूर घ्यावा. मेन बोर्ड उघडायची वेळ आली, तर मात्र तो कपाटात ठेवून मामांना फोन करावा. त्यांचा मीटर जुना आहे, काच ओरखडलेली आहे, पण त्याच्या शून्यावर ते स्वतःचा हात ठेवतात.