सैनिकांच्या आत्महत्यांवरील संशोधन : निवृत्तीपाशी थांबणारी गणना

प्रस्तावना :
देवळालीचे स्कूल ऑफ आर्टिलरी व नाशिक रोडचे आर्टिलरी सेंटर यांमुळे नाशिकचे सैन्याशी निकटचे नाते आहे. मार्च २०१७ मध्ये देवळाली छावणीत एका जवानाचा मृतदेह आढळला, तेव्हा देशभर चर्चा झाली. परंतु ती मुख्यतः 'सहायक' पद्धतीभोवती फिरली. सैनिकांचे मानसिक आरोग्य हा विषय एका प्रसंगापुरता नाही. त्यावरील संशोधनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उपलब्ध माहितीचे स्वरूप :
जुलै २०२२ मध्ये राज्यसभेत दिलेल्या शासकीय उत्तरानुसार मागील पाच वर्षांत तिन्ही दलांतील ८१९ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यांत भूदलातील ६४२, हवाई दलातील १४८ व नौदलातील २९ जण होते. या बेरजेवरून वय, हुद्दा वा सेवाकाल यांचा संबंध उलगडत नाही. युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया या संस्थेच्या, जानेवारी २०२१ मध्ये गाजलेल्या अभ्यासाने निम्म्याहून अधिक सैनिक तीव्र तणावाखाली असल्याचे म्हटले. सुमारे ४०० जणांचा नमुना अपुरा आहे, हा सैन्याचा आक्षेप रास्तच होता. मात्र लहान नमुन्याला उत्तर मोठ्या नमुन्याचे असते, नुसत्या नकाराचे नव्हे. शिवाय तणावाचे मापन म्हणजे आत्महत्येच्या जोखमीचे मापन नव्हे, हेही अभ्यासकांनी ध्यानात घ्यावयास हवे.

निवृत्तीनंतरची पोकळी :
सर्वांत मोठी उणीव याहून वेगळी आहे. गणवेश उतरताच सैनिक गणनेबाहेर जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालात आत्महत्यांचे व्यवसायनिहाय वर्गीकरण असते. त्यात 'माजी सैनिक' असा वर्ग नाही. निफाड वा सिन्नर तालुक्यातील गावी परतलेला जवान शेतकरी, खासगी नोकर किंवा निवृत्त व्यक्ती म्हणून नोंदला जातो.

ही उणीव किती महत्त्वाची आहे, हे मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांच्या २००९ च्या अभ्यासावरून कळते. १९९६ ते २००५ या काळात ब्रिटिश सेनादले सोडलेल्या २,३३,८०३ जणांपैकी २२४ जणांनी आत्महत्या केल्याचे त्यांना आढळले. एकूण प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येहून अधिक नव्हते. परंतु २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांत ते समवयस्कांच्या दुप्पट ते तिप्पट होते. अल्प सेवा व कनिष्ठ हुद्दा असणाऱ्यांना धोका अधिक होता. एकूण सरासरीने जे झाकले, ते वयनिहाय नोंदीने उघड केले.

ब्रिटनचा निष्कर्ष भारताला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तथापि २०२२ च्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांनंतर कमाल २५ टक्के अग्निवीर सेवेत कायम होतात; उरलेले बहुतांशी पंचविशीच्या आत बाहेर पडतात. नेमका हाच वयोगट आपल्या नोंदींत अदृश्य असणे चिंताजनक आहे.

समारोप :
डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेली-मानसचा (दूरध्वनी १४४१६) स्वतंत्र कक्ष सुरू झाला, हे स्वागतार्ह आहे. परंतु साहाय्याचा परिणाम जोखण्यासाठी मूळ नोंद हवी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडील माजी सैनिकांची नोंदणी व मृत्यूनोंदी, गोपनीयता सांभाळून, परस्परांशी जोडणे शक्य आहे. महाविद्यालयांतील मानसशास्त्र, समाजशास्त्र व संख्याशास्त्र विभागांनी या कामी पुढाकार घेतला, तर नाशिक जिल्ह्यापासून त्याचा प्रारंभ होऊ शकेल. ज्याची नोंदच नाही, त्याच्यासाठी प्रतिबंधाचे धोरण आखता येत नाही.