कॅमेरा टॉकीजच्या दारातच थांबतो

नगरमध्ये रिक्षावाल्याला ‘आशा टॉकीज चौक’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. जिल्हा कागदोपत्री अहिल्यानगर झाला तरी चौकांचे पत्ते टॉकिजांच्याच नावावर आहेत. या टॉकिजांत लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सिनेमा पाहिला. सिनेमानं मात्र त्यांच्याकडे क्वचितच पाहिलं.

नगरनं सिनेमाला कमी दिलेलं नाही. शाहू मोडक इथले, सदाशिव अमरापूरकर इथले. नागराज मंजुळे जिल्ह्याबाहेरच्या जेऊरचे, पण ‘पिस्तुल्या’ घडला तो नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकताना. ‘फँड्री’त जत्रा आहे, श्रीगोंद्याच्या भाऊराव कऱ्हाडेंच्या ‘ख्वाडा’त मेंढरं आहेत, कुस्ती आहे. शिवार आणि गावकुसाबाहेरची वस्ती या दोघांनी आधी कोणी दाखवली नव्हती इतकी खरी दाखवली. पण बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन पाहिलेला खेळ, तिकीट खिडकीवरची रेटारेटी, पुढच्या रांगांतल्या शिट्ट्या? नगर जिल्ह्यातल्या एखाद्या टॉकीजचा लक्षात राहिलेला प्रसंग मला पडद्यावर आठवत नाही.

मुंबईची थिएटरं त्या मानानं नशीबवान. विजय आनंद यांच्या ‘काला बाजार’मध्ये (1960) देव आनंद तिकिटांचा काळाबाजार करतो आणि त्या ओघात ‘मदर इंडिया’चा लिबर्टीतला खराखुरा प्रीमियर दिसतो. गाड्यांतून उतरणारे नट-नट्या खरे, गर्दी खरी. 1949 साली ‘अंदाज’नं उघडलेल्या या थिएटरच्या अंतर्सजावटीत वामन नामजोशींचा हात होता. ‘काला बाजार’ला लिबर्टीचा जिना किंवा दिवे मिरवायचे नाहीत. तिथला धंदा दाखवायचा आहे, म्हणून थिएटर त्या कथेत जिवंत राहतं. नंतरच्या बहुतेक चित्रपटांत जुनं थिएटर म्हणजे ‘तो काळ’ दाखवायची सोय, इतकंच उरलं. दर्शनी भाग, एक हाताने रंगवलेलं पोस्टर, दोन जुन्या मोटारी, झालं.

मूळ वास्तूच नसेल तर प्रश्न आणखी अवघड. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ला दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा 3 मे 1913चा खेळ दाखवायचा होता, पण गिरगावचं कोरोनेशन थिएटर केव्हाच नाहीसं झालेलं. मोकाशींनी वास्तूपेक्षा फाळक्यांच्या खटपटीवर भर दिला, म्हणून ती उणीव खुपत नाही. प्रत्येक दिग्दर्शकाला हे साधेल असं नाही.

गंमत म्हणजे पक्क्या भिंतींपेक्षा कापडी तंबूची नोंद आपल्याकडे चांगली झाली. गजेंद्र अहिरेंच्या ‘टुरिंग टॉकीज’मध्ये (2013) जत्रेचा रंग आहे, तृप्ती भोईर यांची धमक आहे, पण गतकाळाचा गहिवर जरा जास्तच. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट त्याच्या पुष्कळ पुढे जातो. 2016 साली कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. महाराष्ट्रातल्या जत्रांतून फिरणाऱ्या तंबूंमागचा हा कॅमेरा कुरकुरणारा प्रोजेक्टर, वेळेवर न पोचलेली रिळं आणि ताटकळलेलं पब्लिक दाखवतो. मग डिजिटल यंत्र येतं आणि जुनं यंत्र जाणणाऱ्या माणसाच्या हातात काम उरत नाही. कुणी गळा काढत नाही. मढीच्या किंवा मोहट्याच्या यात्रेला गेलेल्या नगरकराला यातलं फारसं काही समजावून द्यावं लागणार नाही.

पक्क्या टॉकीजवर असा चित्रपट करायचा तर दर्शनी भागावर भागणार नाही. ऑपरेटरच्या खोलीतला उकाडा, डोअरकीपरची बॅटरी, मध्यंतरातली भजी, शेवटच्या खेळानंतर एसटी चुकलेली माणसं हे सगळं लागेल. ते सेटवर उभं करता येतं, पण पैसा लागतो आणि मराठी निर्मात्याकडे तो नसतो. चालू किंवा नुकतंच बंद पडलेलं टॉकीज भाड्यानं घेणं त्याहून पुष्कळ स्वस्त पडेल.