फास्टर फेणेची सुट्टी आणि आपली दिवाळी
(यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज आपण भा. रा. भागवतांविषयी बोलणार आहोत. ते १९१० साली इंदूरला जन्मले आणि २००१ मध्ये गेले. आयुष्यभर त्यांनी मुख्यतः मुलांसाठीच लिहिलं. ज्यूल व्हर्न त्यांनी मराठीत आणला, 'बालमित्र' मासिक चालवलं. पत्नी लीलावतीबाईही मुलांसाठी लिहिणाऱ्या. पण तुम्हाआम्हाला भागवत म्हटलं की आठवतो तो एकच पोरगा. फुरसुंगीचा बनेश, म्हणजे फास्टर फेणे. किडकिडीत अंग, बुडाखाली सायकल आणि तोंडात 'ट्टॉक'.

भागवतांचं मोठेपण नेमकं कशात? आमच्या मते, त्यांनी तेरा-चौदा वर्षांच्या मुलावर विश्वास टाकला यात. त्याआधी आपल्याकडे साने गुरुजींचा श्याम होता. श्याम आईकडून शिकतो, चुकतो, रडतो. तो आपल्याला हवाच. पण फेणे कुणी शिकवायची वाट बघत नाही. त्याला काही खटकलं की तो सायकल काढतो. मोठी माणसं त्याच्या गोष्टीत उशिरा पोचतात! आणि भागवत मध्येच थांबून उपदेश करत नाहीत. कुमार वाचकाला एवढा मान देणारे लेखक आपल्याकडे थोडे.

आता आम्ही जरा टोचणारं बोलतो. फेणेजवळ सायकलीपेक्षा मोलाची एक गोष्ट आहे. ती म्हणजे सुट्टी. प्रतापगड असो की काश्मीर, तो तिथं जाऊ शकतो, कारण घरी त्याच्या दोन हातांवाचून कुणाचं अडलेलं नाही. या मोकळ्या वेळातूनच त्याचं साहस निघतं. आमच्या वऱ्हाडात काय होतं? दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा वावरात कापूस फुटलेला असतो. म्हणजे कितीतरी पोरापोरींची सुट्टी वेचणीत जाते, कमरेला ओटी बांधून. आमच्यापैकी कित्येकांनी फेणे वाचला तो वेचणीहून आल्यावर, रात्री. वाचताना मजा यायची. पण हा पोरगा आपल्यातला नाही, हेही कुठंतरी कळत असे. पोरींना तर दुप्पट कळत असेल. गोष्टीत माली आहे खरी, पण कव्हरवर नाव बनेशचंच.

हा दोष भागवतांचा का? नाही. त्यांनी आपल्या ओळखीचं जग लिहिलं. दोष असलाच तर तो त्यांच्यानंतर फेणेच्या फक्त आठवणी काढत बसलेल्या आपल्या सगळ्यांचा.

२०१७ चा सिनेमा आठवा. अमेय वाघचा फेणे पुण्यात येतो तो मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी. तिथं एका मुलाचा मृत्यू होतो, त्याला आत्महत्या ठरवतात आणि मागं परीक्षेचा घोटाळा निघतो. काही जुने वाचक नाराज झाले. आम्हाला मात्र तो बदल खरा वाटला. आजच्या मुलाची सुट्टी क्लासनं खाल्लीय, हे सिनेमाला कळलं होतं. म्हणजे वेचणीवाल्या पोराला सुट्टी नव्हतीच, आता शहरातल्यालाही उरली नाही.

त्याच २०१७ साली आपल्या जिल्ह्यात काय झालं? पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांच्यात नववी-दहावीची मुलं नसतील? त्या मुलाला प्रश्न पडले नसतील? बाटलीत काय होतं, कुणी विकलं, हातमोजे का दिले नाहीत? हे फेणेचेच प्रश्न आहेत. फक्त विचारणाऱ्याकडे मोकळा वेळ नाही आणि मनावर ओझं आहे.

अशा मुलाची किंवा मुलीची गोष्ट रडगाणं न करता, फेणेच्या वेगानं लिहायची. बोगस बियाणं आहे, काटा मारणारा व्यापारी आहे. रहस्यांना आपल्याकडे काय तोटा? यवतमाळात १९७३ आणि २०१९ अशी दोन साहित्य संमेलनं झाली. मांडव उतरले, गर्दी पांगली. पण वेचणीहून येऊन रात्री वाचणाऱ्या पोरीच्या हाती तिचं पुस्तक अजून पडायचं आहे.

मागच्या रांगेतल्या मुलांनो, हे आम्ही तुम्हाला सांगतोय. भागवतांनी तुमच्या वयावर विश्वास टाकला होता. तुम्ही फेणे जरूर वाचा. आणि मग या दिवाळीत वावरात जे खटकेल, ते लिहून काढा.