भांडणाऱ्या प्रेमिकांच्या शोधात

१९३८च्या 'ब्रिंगिंग अप बेबी'त कॅरी ग्रँट बायकांचा पिसापिसांचा गाऊन घालून दार उघडतो. त्याचे कपडे कॅथरीन हेपबर्नने परस्पर धुवायला पाठवून दिलेले असतात. दारातल्या वडीलधाऱ्या बाई या वेशाचं कारण विचारतात, तेव्हा तो वैतागून हवेत उडी मारतो आणि आपण अचानक 'गे' झाल्याचं ओरडतो. हॉलिवूडमध्ये तेव्हा जी आचारसंहिता कडकपणे लागू होती, तिला समलिंगी प्रेमाची सूचनासुद्धा चालत नव्हती. 'ब्रिंगिंग अप बेबी'सारखी स्क्रूबॉल कॉमेडी याच बंधनात वाढली. चुंबनावर पहारा, म्हणून सगळी ओढ भांडणात उतरली: भरधाव संवाद, एकातून दुसरं निघणारं खोटं, आणि एकमेकांना पुरून उरणारी दोन माणसं.

समलिंगी प्रेमाच्या विनोदी चित्रपटांनी यातलं खोटं आणि धावपळ मनापासून उचलली. भांडण मात्र फार थोड्यांनी उचललं, आणि माझी तक्रार तीच आहे.

माइक निकोल्सचा 'द बर्डकेज' (१९९६) हा सन्माननीय अपवाद. १९७८च्या फ्रेंच 'ला काज ओ फॉल'चा हा अमेरिकी अवतार. मुलाचे होणारे सनातनी सासू-सासरे जेवायला येणार, म्हणून आर्मंड (रॉबिन विल्यम्स) आपल्या जोडीदाराला, अल्बर्टला (नेथन लेन), 'पुरुषासारखं' वागायला शिकवतो. मर्दानी काउबॉय नट जॉन वेनसारखं चालून दाखव, म्हणतो. अल्बर्ट चालतो, आणि आर्मंडला कळतं की जॉन वेन खरोखर असाच चालायचा. पौरुष हाही एक वेशच असल्याचं इतक्या सहज दाखवणारा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. अल्बर्टचा रुसवा, आर्मंडची चिडचिड, मग पडतं घेणं, हे सगळं मुरलेल्या संसाराचं आहे; त्यातून त्यांचं प्रेम कळतं, ते वेगळं सांगावं लागत नाही.

अँग लीच्या 'द वेडिंग बँक्वेट'मध्ये (१९९३) खोट्या लग्नाचा गोंधळ बहारीचा आहे, पण प्रियकर सायमन समजूतदारपणे कडेला उभा राहतो. आपल्याकडेही तेच. 'शुभ मंगल ज्यादा सावधान'मध्ये (२०२०) खरी जुगलबंदी मुलगा आणि काळा फ्लॉवर पिकवणारा बाप यांच्यात आहे. हर्षवर्धन कुलकर्णीच्या 'बधाई दो'त (२०२२) तर अस्सल स्क्रूबॉल जोडी सापडते, पण ती नवरा-बायकोची! गे पोलीस शार्दूल आणि लेस्बियन पीटी शिक्षिका सुमी घरच्यांना चुकवायला लग्न करतात आणि एकमेकांवर तुटून पडतात. त्यांचे खरे जोडीदार मात्र बहुतेक वेळ समंजस. मराठीत 'अशी ही बनवाबनवी'ने (१९८८) साडी नेसलेल्या पुरुषांवर महाराष्ट्राला पोट धरून हसवलं; पुरुषाचा पुरुषावर जीव जडण्याची शक्यता त्या गमतीच्या आसपासही नव्हती.

या समंजसपणाचं कारण मी समजू शकतो. ज्या प्रेमाला कायद्याने गुन्हा ठरवलं होतं (आपल्याकडे २०१८पर्यंत), ते पडद्यावर आणताना निर्मळ दाखवावंसं वाटणारच. पण त्यापायी प्रेमिक पुतळे होतात. हेपबर्नने ग्रँटचं आयुष्य उधळून लावलं, तरी ती आपल्याला हवीहवीशी वाटते. तेवढी आगाऊ असण्याची मुभा पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाला का नसावी?

अँड्र्यू आनच्या 'फायर आयलंड'ने (२०२२) ती घेतली. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा सांगाडा घेतल्यामुळे नोआ आणि विल यांच्यात अढी, अहंकार, टोमणे आपसूक आले. अडथळा घरच्यांचा नाही, त्यांच्या स्वभावांचा आहे. दुर्दैवाने अमेरिकेत तो थेट ओटीटीवर आला. त्याच वर्षी चित्रपटगृहांत लागलेला, पुरुषांच्याच प्रेमाचा विनोदी 'ब्रोज' तिकीटबारीवर पडला. निर्मात्यांनी त्यावरून प्रेक्षकच नाही असा निष्कर्ष काढू नये. 'ब्रिंगिंग अप बेबी'सुद्धा १९३८ साली पडला होता.