ब्रह्मचारी आणि बिनलग्नाचा

मराठी चरित्रवाङ्मयाने ब्रह्मचर्याला मखरात बसवले आहे. पनवेलहून पेणकडे निघाले की त्याच बाजूला विनोबांचे जन्मगाव, गागोदे. मार्च १९१६ मध्ये परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण वाटेत सुरतेला उतरला, काशीला गेला आणि आजन्म ब्रह्मचारी राहिला. त्या निश्चयाच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. माझा आक्षेप त्याचा गौरव करणाऱ्यांच्या मापाला आहे. पनवेलच्या नाक्यावर सकाळी कामाची वाट पाहणाऱ्या मजुरांतही चाळिशी गाठलेले बिनलग्नाचे पुरुष असतात. जमीन नाही, घर नाही, कायमचा रोजगार नाही. म्हणून मुलगी मिळाली नाही. त्यांच्या संयमाला तप कोण म्हणतो? उलट वस्तीत त्यांच्याकडे संशयानेच पाहिले जाते. एकाचा तो उपवास, दुसऱ्याची उपासमार!

त्याच वर्षी, ९ मे १९१६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जातीबाहेरचे लग्न बंद केले की जोडीदाराच्या मृत्यूनंतर मागे उरलेली व्यक्ती जातीला 'जादा' होते, हे त्यांनी दाखवले. जादा स्त्रीच्या वाट्याला सती किंवा सक्तीचे वैधव्य आले. जादा पुरुषांपैकी काही आपणहून ब्रह्मचर्य पत्करतील. पण ते सर्वांवर लादणे जातीला परवडणारे नव्हते. म्हणून त्याला लग्नाच्या वयात न आलेली मुलगी देण्यात आली. पुरुषाची अडचण सुटली, किंमत पोरीने मोजली. ब्रह्मचर्याचे गोडवे गाणाऱ्या समीक्षेने हा हिशेब कधी मांडला आहे काय?

नाक्यावरच्या मजुराचे हे दुःख आता गावोगावच्या शेतकरी मुलांच्याही वाट्याला आले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २०११ मध्ये ८९४ उरल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा कडकपणे राबवा, ही त्यांची मागणी रास्तच होती. पण सरकारने बायको मिळवून द्यावी, ही भाषा मला मान्य नाही. बायको म्हणजे रेशनचे धान्य नव्हे. आणि मुली मिळत नाहीत म्हणणाऱ्या किती घरांची जातीबाहेरची सून आणण्याची तयारी आहे?

दलित लेखकाने या बिनलग्नाच्या माणसाबद्दल जरूर लिहावे. त्याला संत करू नये, त्याची चेष्टा करू नये. त्याच्या भुकेविषयी निःसंकोच लिहावे. मात्र त्या भुकेचा स्त्रीवर हक्क पोहोचतो, असे एका ओळीतही सुचवू नये.