सरासरी ससा

सशांच्या संगोपनावरची पुस्तकं, पत्रकं आणि व्हिडिओ हा एक साहित्यप्रकार आहे, असं म्हटलं तर हसू येईल. पण त्याला ठरलेला घाट आहे, ठरलेला सूर आहे आणि ठरलेला नायकही आहे. नायकाचं नाव 'ससा'. तो कायम एकवचनी, तरुण आणि निरोगी असतो. त्याच्या आहारात 80 टक्क्यांहून जास्त वाळलं गवत असतं, पॅलेट्स मोजून आणि गाजर क्वचित. त्याला जोडीदार हवा असतो आणि बागडायला किमान 3 मीटर बाय 2 मीटर जागा. अडचण एवढीच, की हा ससा कुणाच्याच घरी राहत नाही.

हा मजकूर टाकाऊ नाही. पिंजऱ्यात गाजर टाकलं की झालं, या समजुतीशी तो वर्षानुवर्षं भांडत आला आहे. गवताच्या आग्रहामागे ठोस कारण आहे. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चघळताना झिजतात. गवतातल्या तंतूंमुळे आतडं हलतं राहतं. सशानं दहा-बारा तास काही खाल्लं नाही, तर जिवावर बेतू शकतं. त्यात तो शिकार होणारा प्राणी, दुखणं लपवण्यात तरबेज. आपल्या लक्षात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्यामुळे नियम हवेतच.

माझा आक्षेप त्या नियमांच्या वाक्यरचनेवर आहे. 'गवत अमर्याद द्या.' 'लसूणघास मोठ्या सशाला देऊ नका.' सगळी वाक्यं आज्ञार्थी, आणि त्यातून 'का' गळालेलं. कारण गळालं की नियम कुठपर्यंत लागू आहे, हे कळायची सोयच राहत नाही. दाढांचं दुखणं असलेल्या सशासमोर गवताचा ढीग असतो आणि तो उपाशी असतो. त्याला डॉक्टर हवा, आणि तोवर मऊ भिजवलेलं खाणं. पुढचे दात काढावे लागलेला ससा गवत दाढांनी चघळू शकतो, पण पालेभाजीचा तुकडा तोडू शकत नाही. त्याला ती चिरूनच द्यावी लागते. लसूणघासात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त असतात. ससा अन्नातलं कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषतो आणि उरलेलं लघवीवाटे टाकतो, म्हणून मोठ्या सशाला ती नको. वाढत्या पिल्लाला मात्र तीच उपयोगी. नियम उलटला, कारण तेच राहिलं.

आम्ही कोड लिहिणारे यावर रोज भांडतो. कोड काय करतो, ते वाचून कळतं. तसं का करतो, ते कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. नाहीतर पुढचा माणूस ती ओळ बदलायला घाबरतो किंवा बेफिकीर बदलून टाकतो. सशांच्या बाबतीतही वाचकांचे हेच दोन गट पडतात.

शिवाय या मार्गदर्शिकांना गाव असतं, फक्त त्या ते सांगत नाहीत. बहुतेक इंग्लंड-अमेरिकेत लिहिल्या जातात. तिथे बाग गृहीत असते, थंडी ही काळजी असते आणि टिमथी गवत सहज मिळतं. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, मे महिन्यात हे वाचताना पानाचं अर्धं गृहीतक वितळतं. ससा घाम गाळून अंग थंड करू शकत नाही. उष्णता बरीचशी कानांतून बाहेर टाकतो. मग त्याला गार फरशीवर पसरू द्यावं? माझ्याकडच्या दोघांपैकी एकाला तेच आवडतं. दुसरा रेक्स जातीचा, तळव्यांवरची लव आखूड, म्हणून कडक जमिनीवर जखमा व्हायची भीती. त्याला चटई लागते. दोन्ही सल्ले बरोबर, आणि एकाच खोलीत एकमेकांच्या विरुद्ध.

ललित साहित्याला हे फार आधी कळलं होतं. आर. एम. लॉक्ली यांचं सशांच्या निरीक्षणावरचं 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ द रॅबिट' 1964 साली आलं. त्यातली माहिती रिचर्ड अ‍ॅडम्स यांनी 1972 च्या 'वॉटरशिप डाउन' या कादंबरीत उघडपणे वापरली. पण लॉक्लींनी मांडलेली जातीची लक्षणं अ‍ॅडम्सच्या हातात स्वभाव झाली. फायव्हर लहानखुरा आणि भेदरट आहे, आणि त्याची भीतीच कळपाला वाचवते. बिगविग त्याच जातीचा, पण धोका दिसला की अंगावर जाणारा. शेतावरच्या खुराड्यातल्या चार सशांना पळवून नेण्याचा प्रसंग तर मुद्दाम वाचावा. खुराड्याबाहेर ते बावरतात, आणि चौघांपैकी तिघेच कळपापर्यंत पोचतात. खुराड्यात वाढलेल्याला मोकळं रान म्हणजे लगेच स्वातंत्र्य नसतं.

त्याच कादंबरीत एक धष्टपुष्ट सशांची वसाहत आहे. माणूस त्यांना खायला घालतो, शत्रूंपासून राखतो आणि फासे लावतो. निगेच्या यादीतल्या सगळ्या खुणा तिथे बरोबर पडतील. आपल्याकडच्या गोष्टींतला ससाही असाच यादीतला: आभाळ पडलं म्हणून पळणारा, कासवाशी हरणारा, सिंहाला विहिरीत उतरवणारा. एका सशाला एकच गुण.

'माझा ससा वेगळा आहे' या वाक्याची मला तितकीच धास्ती वाटते. बिस्किटं खाऊ घालणारे, पिंजऱ्याचं दार वर्षभर न उघडणारे हेच वाक्य बोलतात. म्हणून चांगल्या मार्गदर्शिकेकडून मला आणखी नियम नकोत. प्रत्येक नियमामागचं कारण हवं, आणि आपल्या सशाचं 'नेहमीचं' काय ते ओळखायची रीत हवी: दर आठवड्याचं वजन, लेंड्यांचा आकार, तो कोणत्या वेळी खातो, कुठे बसतो. ते माहीत असेल तर नियम कधी वाकवायचा हे ठरवता येतं, आणि डॉक्टरला नेमकं काय सांगायचं हेही. फरक सशात दिसला पाहिजे, आपल्या सोयीत नाही.